कमानीखालची फट

दारासमोर बुटांचे तीन जोड होते, त्यांतला एक लहान मुलाचा. छत्र्यांचा उभा पत्र्याचा डबा एक, त्यात छत्र्या दोन. तिचाकी एक, तिच्या हँडलला निळी फीत. नवं पायपुसणं एक. घंटीखाली नावाची पाटी एक, आणि तिच्यावरचं नाव माझं नव्हतं. हे घर तुझं नाही असं सांगणाऱ्या इतक्या वस्तू डोळ्यांसमोर असताना मी किल्ली काढली, कुलपात घातली आणि फिरवायला लागले. ती फिरेना. मग मी ती किंचित वर उचलून फिरवली, कारण ह्या कुलपात किल्ली वर उचलावी लागते हे माझ्या मनगटाला चार वर्षं ठाऊक होतं. तेवढ्यात आतून दार उघडलं आणि हातात डाव घेतलेला एक स्थूल माणूस समोर उभा राहिला. "कोण हवंय?" "मी इथे राहायचे," मी म्हटलं. "राहायचात. आणि आता?" "आता नदीपलीकडे. दीड महिना झाला." "काही राहिलंय का तुमचं?" "नाही हो. मी आले नाही, पाय आले." तो हसला. "मग पायांना नवा पत्ता कळवा, बाई," म्हणाला आणि त्यानं दार लावून घेतलं. कांदा परतल्याचा वास जिन्यात थोडा वेळ राहिला. मी दोन मजले उतरले, फाटकाशी आले आणि तिथे थांबले. लाज वाटली असती तर बरं झालं असतं. जे वाटलं ते निराळं होतं. एखादं गणित बरोबर सुटलंय असं समजून वही मिटावी आणि मग जिन्यात आठवावं की चिन्ह उलटं घेतलं होतं, तसं. पाय आले. हे शब्द मी त्या माणसाला थट्टेनं म्हटले होते. फाटकाशी उभी राहून मी ते पुन्हा मनात म्हटले, आणि ह्या वेळी ते माझ्या वडिलांच्या आवाजात ऐकू आले.

माझं काम आवाज मोजायचं. स्ट्रासबुर्गमध्ये नवी ट्राम टाकतात तेव्हा आजूबाजूच्या खिडक्यांत ध्वनिमापक लावून बसणारे जे लोक असतात, त्यांतली मी. त्या संध्याकाळी मी दिवसभर ट्रामचे वळणावरचे चीत्कार मोजून आले होते आणि कान अजून भरलेले होते. कालव्याच्या कडेनं नव्या घराकडे चालताना मात्र मला फेब्रुवारीतला आमच्या गावचा रस्ता दिसत होता. हिर्त्सविलर. आई गेली तेव्हा जमीन गोठलेली होती. कोंबड्यांना दाणे टाकायला गेली ती तिथेच बसली, आणि बाबा पोचेपर्यंत संपलं होतं. आमच्याकडे शवपेटी घरातून चर्चपर्यंत पायी नेतात. पेटीमागे मी आणि फ्लोराँ, माझा थोरला भाऊ, आणि आमच्या मागे बाबा. त्यांनीच म्हटलं होतं, तुम्ही पुढे व्हा, मला माझ्या चालीनं येऊ द्या. चर्चच्या कोपऱ्यावर रस्ता फुटतो. डावीकडे गेलं की घंटाघराखालचं मोठं दार, ते आमचं, म्हणजे प्रोटेस्टंटांचं. उजवीकडे वळसा घेतला की मागचं लहान दार, ते कॅथलिकांचं. पेटी डावीकडे वळली. आम्ही डावीकडे वळलो. आत जाऊन पहिल्या बाकावर बसलो, बाबांची जागा धरून ठेवली, आणि ते आलेच नाहीत. पाळकीणबाईंनी सुरुवातीचं वचन वाचलं. ऑर्गन सुरू झाला. फ्लोराँ उठायला लागला तेव्हा मीच त्याची बाही धरली. "बस," मी म्हटलं, "यायचं असतं तर आले असते." दफनभूमीत ते दिसले, मागच्या दारानं बाहेर आलेले, टोपी हातात. आईच्या दफनविधीचा सगळा वेळ ते चर्चच्या मधल्या भिंतीच्या पलीकडे, कॅथलिकांच्या रिकाम्या गाभाऱ्यात, एकटे बसले होते. मार्थ काकू, जिच्याकडे आमच्या बाजूच्या दाराची किल्ली असते, ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "चौतीस वर्षं एका ताटात जेवला आणि बायको मेल्यावर तिच्या बाजूला पाऊल टाकवेना. पक्का कॅथलिक." मलाही तेच वाटलं. त्यानंतर बाबांशी माझं बोलणं कोंबड्या, छप्पर आणि बॉयलर यांपुरतं उरलं.

आमच्या चर्चमध्ये भिंत आहे हे मला लहानपणी विचित्र वाटलं नव्हतं. घरात भिंती असतात तशी चर्चमध्ये. दुसऱ्या गावी एका मैत्रिणीच्या लग्नाला गेले तेव्हा दारातून थेट वेदीपर्यंत नजर गेली आणि मला भोवळ आल्यासारखं झालं, कुणी घराची मागची बाजू काढून टाकावी तसं. आमच्याकडे मंडप प्रोटेस्टंटांचा आणि गाभारा कॅथलिकांचा, आणि मधोमध विटांची, दोन्हीकडून चुन्यानं सारवलेली भिंत. ही कशी आली ते आई सांगायची, आणि सांगताना बाबांकडे बघायची. गाव सगळं लूथरच्या, म्हणजे प्रोटेस्टंट बाजूचं होतं. मग तीस वर्षांची लढाई झाली, अर्धं गाव ओस पडलं, मग हा मुलूख फ्रान्सच्या कॅथलिक राजाकडे गेला आणि राजाचा हुकूम आला की ज्या गावात कॅथलिकांची सात कुटुंबं असतील तिथे गाभारा त्यांना द्यावा. "सात," आई म्हणायची, "आणि इथे होती सहा. मग काय केलं? शेजारच्या लोरेन प्रांतातून एक मेंढपाळ आणला बैलगाडीत घालून. बायको, दोन पोरं, आणि कौलांच्या भट्टीत बिऱ्हाड. झाली सात. त्या मेंढपाळाचं आडनाव काय होतं, इग्नास?" बाबा सूप पीत राहायचे. "सांग की पोरांना." "आपलंच," बाबा म्हणायचे. "म्हणजे हे घराणं," आई आम्हाला सांगायची, "मोजणीपुरतं आणलेलं आहे." "आणि मोजणीत भरलं," बाबा म्हणायचे. हा संवाद मी इतक्या वेळा ऐकलाय की त्यातली विरामाची जागाही मला पाठ आहे. आता वाटतं, त्या दोघांनी तीनशे वर्षांचं भांडण सुपाच्या वाडग्याएवढं करून ठेवलं होतं, गरम असताना फुंकर मारत प्यायचं.

दोन्ही बाजूंना रविवारी एक शब्द यायचा, ख्रिस्तजगत. आमच्या बाजूला पाठ केलेल्या श्रद्धावचनाच्या विवरणात, त्यांच्या बाजूला जुन्या प्रार्थनेत: पृथ्वीवरच्या समस्त ख्रिस्तजगतासाठी. मी आईला विचारलं होतं, हे कुठे असतं? आई भाजी निवडत होती. "इथून सुरू होतं," ती म्हणाली, आणि जरा विचार करून, "भिंतीपलीकडेही थोडं असावं." शाळेत इतिहासाच्या पुस्तकात एक नकाशा होता, त्यात आयर्लंडपासून पोलंडपर्यंत एकच पिवळा रंग भरलेला. पुढच्या पानावरच्या नकाशात तोच भाग ठिपक्यांचा, रेघांचा आणि चौकड्यांचा झाला होता. मला पहिल्या नकाशाबद्दल कायम शंका वाटत आली. एवढ्या जागेत एवढी माणसं आणि एकच रंग, हे मोजमाप करणाऱ्या माणसाला पटत नाही. कुठेतरी सरासरी काढली असणार. तरी त्या काळी एखादा विणकर हिर्त्सविलरहून निघून महिनोन् महिने चालत गेला असता, तर कुठल्याही गावात सकाळच्या मिस्सेच्या उपासनेला तेच लॅटिन शब्द त्याला ऐकू आले असते, हेही खरं. त्याला ते कळले नसते, पण कुठे उभं राहायचं नि कुठे गुडघे टेकायचे हे त्याच्या पायांना कळलं असतं. त्या शब्दाचा अर्थ मला वाटतं तेवढाच होता. श्रद्धा वगैरे नंतर. आधी पाय. आणि त्याच पायांनी मग ते एकमेकांवर चालून गेले, गावंच्या गावं जाळली, हेही त्याच शब्दाच्या पोटात आलं, त्यातून काही वगळून चालणार नाही. आमच्या वाट्याला फक्त उष्टं भांडण आलं. गुड फ्रायडेला, जो आमचा सगळ्यात मोठा दिवस, कॅथलिक बायका मुद्दाम चादरी धुऊन रस्त्याच्या बाजूला वाळत घालायच्या. आणि ख्रिस्तशरीराच्या सणाला त्यांची मिरवणूक निघाली की आमचे शेतकरी शेणखताच्या गाड्या बाहेर काढायचे. आमच्या घरात दोन्ही प्रकारचे लोक असल्यामुळे चादरीही धुतल्या जायच्या नाहीत आणि खतही हलायचं नाही. आई म्हणायची, मिश्र लग्नात सगळ्यात जास्त नुकसान कपड्यांचं आणि जमिनीचं होतं.

मुलगे बापाचे, मुली आईच्या, असा आमच्याकडे जुना नियम. म्हणून फ्लोराँ गाभाऱ्यात वाढला आणि मी मंडपात. रविवारी चौघं एकत्र घरातून निघायचो, कोपऱ्यावर एक क्षण थांबायचो, आई बाबांच्या कोटावरचा केस उचलायची, मग ते दोघं उजवीकडे नि आम्ही दोघी डावीकडे. त्यांची मिस्सा लवकर आटपायची, आमचा उपदेश लांबायचा. बाहेर लिंडनच्या झाडाखाली ते दोघं वाट बघत उभे असायचे, फ्लोराँ भुकेनं चिडलेला. आणि घरी जाताना, दर रविवारी, आई बाबांच्या गाण्यावर काहीतरी बोलायची. "आज दुसऱ्या कडव्यात दमलास." "शेवटची ओळ ओढलीस, ऑर्गनवाली तुझ्यासाठी थांबली होती." "सर्दी झालीय का? खर्ज बसलाय." बाबा गाभाऱ्यातले एकमेव मोठ्यानं गाणारे. बाकीचे दहा-बारा म्हातारे ओठ हलवतात. बाबांचा आवाज खर्जातला, मोठा, सुरापेक्षा किंचित खाली. मला लहानपणी आईचं हे बोलणं म्हणजे हवामानाबद्दल बोलल्यासारखं वाटायचं. तिला ते खरंच ऐकू येतं का, असा प्रश्न मला कधी पडला नाही. आई शेजारी बसलेली, हात मांडीवर, उजवा कान भिंतीकडे. मला काही ऐकू यायचं नाही, पण मी लहान होते आणि माझं लक्ष समोरच्या बाईच्या टोपीतल्या पिसावर असायचं.

किल्लीच्या त्या प्रसंगानंतर चारच दिवसांनी फ्लोराँचा फोन आला. भिंत पाडायचं ठरलं होतं. दोन्ही बाजूंना माणसं उरली नव्हती, एक फादर सहा गावं सांभाळतो, आमच्या पाळकीणबाई चार. दोन बॉयलर, दोन दारं, दोन विजेची बिलं. दोन्ही मंडळांनी ठराव केला, पण गाभाऱ्याच्या बाजूनं एक सही अडली होती. "कुणाची?" मी विचारलं. "कुणाची असेल. अख्खं गाव म्हणतंय, आधी बायकोच्या दफनाला आला नाही आणि आता भिंत धरून बसलाय. मी बोलून थकलो. तू ये." "मी काय बोलू?" "काहीही बोल. तुमचं काय चाललंय ते मला माहीत आहे, लिडी. मी आंधळा नाही." मी शनिवारी गेले. वाटेत ठरवत होते की आधी काय विचारायचं, आणि ठरवता ठरवता लक्षात आलं की नऊ महिने मी एक उत्तर धरून बसले होते आणि प्रश्न विचारलाच नव्हता.

बाबा स्वयंपाकघरात अक्रोड फोडत बसले होते. टेबलावर एकीकडे टरफलांचा ढीग, एकीकडे गरांचं पातेलं. मी कोट काढून समोर बसले आणि मीही फोडायला घेतले. "फ्लोराँनं पाठवली?" ते म्हणाले. "हो." "सही करायला सांगायला." "हो." "करणार आहे मी सही. भिंतीशी माझं काय भांडण आहे? उलट आता गुडघे दुखतात, मागून वळसा घालून जावं लागतं. फक्त एवढं बघायचं, कागदोपत्री चर्च मिश्र राहिलं पाहिजे. नाहीतर गुड फ्रायडेची सुट्टी, जी इकडे प्रोटेस्टंट किंवा मिश्र चर्च असलेल्या गावालाच मिळते, ती जाईल आणि आमच्याच लोकांच्या शिव्या खाव्या लागतील." "मग अडलंय कशासाठी?" त्यांनी एक अक्रोड निवडला, फोडला, सडका निघाला, बाजूला ठेवला. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी तुम्ही उजवीकडे का वळलात?" हे मी बोलून गेले तेव्हा माझा आवाज मलाच लहान वाटला. "पाय गेले," ते म्हणाले. "मी खाली बघून चालत होतो, बर्फ होतं. कोपरा आला, पाय वळले. दार उघडलं, माझ्या जागेवर बसलो. बसल्यावर समोर वेदी दिसली आणि कळलं, की आज इकडे नव्हतं यायचं." "मग उठून यायचं." "उठलो होतो. तेवढ्यात तुमचं पहिलं गाणं सुरू झालं. गाणं चालू असताना दार वाजवत आत यायचं का? तुझ्या आईला खपलं असतं?" त्यांनी आणखी एक अक्रोड फोडला. "आणि मग वाटलं, बरंच आहे. ती तिकडे, मी इकडे. रविवारी असायचो तसेच. तिकडे पहिल्या बाकावर तुमच्यात बसलो असतो तर मी कोण झालो असतो? पाहुणा. इथे निदान तिचा नवरा होतो." त्यांनी हातातली टरफलं खाली टाकली. "गायलो मी. तुमची गाणी मला येतात, तुझी आई भांडी घासताना तीच म्हणायची. तुला ऐकू आलं?" "नाही." "फ्लोराँलाही नाही. त्याला विचारलं मी."

मग त्यांनी अडलेली गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना ते माझ्याकडे न बघता पातेल्याकडे बघत होते. आई चौतीस वर्षं दर रविवारी त्यांच्या गाण्याबद्दल बोलायची. त्यांना कधीच खात्री नव्हती, की ती ऐकून बोलते का अंदाजानं. "मी दुसऱ्या कडव्यात दमतोच," ते म्हणाले, "हे कुणीही सांगेल. सुराच्या खाली गातो हे लग्नाआधीपासून तिला माहीत. ती हुशार बाई होती, तुला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून बोलत असेल तर? विचारलं असतं तर हसली असती." भिंत पाडली की हे कळायची सोय संपली. मग चर्चभर आवाज सगळीकडेच जाईल. "तू ट्रामचा आवाज मोजतेस ना," ते म्हणाले, "खिडकीच्या काचेपलीकडे किती जातो ते? मग माझा मोज. तिच्या बाकावर. काहीही निघालं तरी मी दुसऱ्या दिवशी सही करीन." मी म्हटलं, "आणि नाही निघालं तर?" "तर नाही," ते म्हणाले. "चौतीस वर्षं ती मला बरं वाटावं म्हणून बोलली. तेही काही कमी नाही. पण कोणतं ते मला कळायला हवं."

दुपारी मार्थ काकूकडून किल्ली घेतली. तिला कारण सांगावं लागलं. ती दारात उभी राहून मला खालून वर बघत म्हणाली, "म्हणजे तो रुसून बसला नव्हता?" "नाही." "वाट चुकला?" "तसंच काहीतरी." "चारशे माणसांच्या गावात," मार्थ काकू म्हणाली, "जन्म गेला तरी ह्या लोकांना आमचं दार सापडलं नाही." पण ती माझ्याबरोबर आली आणि मंडपातल्या घड्याळाचा लंबक तिनं स्वतः हातानं थांबवला. मी आईच्या बाकाशी गेले. तिसरा बाक, भिंतीकडून पहिली जागा. बाकाची कड तिथे गुळगुळीत झाली होती. मी वर पाहिलं. भिंत कमानछतापर्यंत जात नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते आणि कधी पाहिलं नव्हतं. वरती हातभर फट आहे, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. ती का आहे तेही गावात सगळ्यांना माहीत आहे: भिंत बांधली कॅथलिकांनी, पण छत दोघांचं, आणि आमच्या लोकांनी सांगितलं की छताला तुमची वीट लागली तर उद्या छतही तुमचं म्हणाल. तेव्हा गवंड्यांनी हातभर सोडून काम थांबवलं. हट्टानं ठेवलेली जागा. तिथून तीनशे वर्षं दोन्ही बाजूंची हवा, धूप, मेणबत्त्यांची काजळी आणि खोकले एकमेकांत ये-जा करत आले असणार. दीड वीत जाडीच्या भिंतीतून माणसाचा आवाज जवळपास जात नाही. फटीतून किती जातो हे फक्त मोजून कळतं.

रिकाम्या मंडपात मोजलं तेव्हा बाबांचा आवाज आला. यंत्रालाही आला आणि मलाही, लांबच्या खोलीत कुणी कपाट सरकवावं तसा. बाबा पलीकडून वळसा घालून आले, धापा टाकत. "आला?" "आला," मी म्हटलं, "पण हे मोजमाप खरं नाही." त्यांचा चेहरा उतरला, तरी मला ते सांगणं भाग होतं. रिकाम्या चर्चमध्ये आई कधी बसली नव्हती. माणसं श्वास घेतात, कोट घासतात, बाक कुरकुरतात. ऑर्गन आणि गाणं चालू असताना तर भिंतीपलीकडचं काहीच ऐकू येणं शक्य नाही. एकच वेळ होती. उपदेशानंतर आमच्याकडे मौन प्रार्थना असते, सगळे मान खाली घालून गप्प बसतात, आणि साधारण त्याच वेळी पलीकडे त्यांचं प्रसादाचं गाणं चालू असतं. दफनविधीतही ते मौन होतं. आईला इतकी वर्षं ऐकू आलं असेल तर ते ह्या मौनातच. आणि मोजायचं असेल तर दोनदा मोजायला हवं: एका रविवारी बाबा गप्प, दुसऱ्या रविवारी गाताना, बाकी सगळं तसंच. दोन आकड्यांतला फरक तीन डेसिबलच्या वर असेल तर तिसऱ्या बाकावरच्या माणसाला तो आवाज आला असं म्हणता येईल. त्याच्या खाली असेल तर कानाची हमी देता येत नाही. हे मी बाबांना दोनदा समजावलं. त्यांनी बोटांवर मोजून बघितलं आणि म्हणाले, "तीन."

पाळकीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मौन हे मौन आहे, त्यात यंत्र बसलं तरी मला चालेल, फक्त ते वाजता कामा नये. पहिल्या रविवारी मी आईच्या जागेवर बसले, मांडीवर हातरुमालाखाली ध्वनिमापक. मंडपात एकवीस माणसं होती, माझ्यासकट. पाळकीणबाई म्हणाल्या, आपण शांत होऊ या, आणि सगळे शांत झाले, आणि मला कळलं की शांतता नावाची वस्तू मी प्रयोगशाळेबाहेर कधी नीट ऐकलीच नव्हती. मागे कुणाच्या तरी नाकात शिट्टी वाजत होती. लोकरीच्या बाहीवरून बाही सरकली. एक गुडघा मोडला. बॉयलरमध्ये पाणी कुठेतरी थेंबाथेंबानं पडत होतं. ह्या सगळ्यांच्या खाली, पोटाशी धरलेल्या उबेसारखं काहीतरी होतं, एकवीस माणसांच्या असण्याचं, आणि मला आईच्या मांडीवरचे हात आठवले, त्यांवरचे तपकिरी ठिपके, आणि तिचा तो भिंतीकडे झुकलेला कान. ती प्रार्थना करत असायची असं मी धरून चालले होते. बाबा पलीकडे तोंड मिटून बसले होते. बाहेर झाडाखाली भेटले तेव्हा एखादा दात काढून आल्यासारखे दिसत होते. "आयुष्यात कधी न गाता बसलो नव्हतो," ते म्हणाले. "शेजारचा यूस्टाश म्हणतो, इग्नास, तब्येत बरी आहे ना? त्याला काय सांगू?" "काय सांगितलंत?" "म्हटलं, मुलीनं बंदी केलीय. म्हणाला, उशीरच केला."

त्या आठवड्यात स्ट्रासबुर्गमध्ये मी कामात वारंवार चुकत होते. वळणावरची ट्राम यायच्या आधीच मी आकडा लिहून ठेवायचे. मला एक भीती होती आणि ती भीती साधी होती: मला तो फरक तीनच्या वर यायला हवा होता. इतका हवा होता, की दुसऱ्या रविवारी तिथे बसल्यावर मला बाबांचा आवाज येईलच, आला नसला तरी. ऐकायची इच्छा असलेला कान हे वाईट यंत्र आहे. तो पोकळीतही गाणं भरतो. कदाचित आईनं चौतीस वर्षं तेच केलं असेल, आणि कदाचित पिवळा नकाशा काढणाऱ्यानंही तेच केलं असेल. मला माहीत नाही. मी ठरवलं, आपण ऐकायचंच नाही. प्रयोगशाळेत वापरतो ते फोमचे पिवळे बोळे मी पर्समध्ये टाकले.

दुसऱ्या रविवारी, उद्या बाबांची सही होणार हे धरून, भिंतीजवळचे बाक हलवायला म्हणून मजुरांच्या फळ्या आणि दोर आणून ठेवलेले होते. चर्चला जाताना कोपऱ्यावर आम्ही तिघं थांबलो, बाबा, फ्लोराँ आणि मी. बाबांनी दाढी केली होती आणि गळ्याशी कापलं होतं. "कोणतं गाणं आहे आज?" मी विचारलं. "चार कडव्यांचं," ते म्हणाले. "दुसऱ्या कडव्याआधी श्वास घ्या." "तू तिच्यासारखं बोलू नकोस," ते म्हणाले, "नाहीतर मला गाताच यायचं नाही." ते उजवीकडे वळले. फ्लोराँ जरा थांबला, मग त्यांच्या मागे गेला. मंडपात ह्याही वेळी एकवीस माणसं. मार्थ काकूनं मागच्या रविवारसारखाच लंबक थांबवला होता आणि ती आईच्या बाकाच्या टोकाला येऊन बसली होती, हात घडी घालून, पहारा दिल्यासारखी. उपदेश संपला. पाळकीणबाई म्हणाल्या, आपण शांत होऊ या. मी मान खाली घातली, दोन्ही कानांत बोळे घातले आणि जग बंद झालं. माझंच रक्त ऐकू येत होतं. डोळ्यांसमोर माझे गुडघे, त्यांवर रुमाल, रुमालाखाली यंत्राचा कठीण कोपरा. मी आकड्याकडे बघितलं नाही. शेजारी मार्थ काकूच्या घडी घातलेल्या हातांतला एक हळूच सुटला आणि बाकाच्या कडेवर आला, पण तिनं काही ऐकलं की नाही, हे मी तिला विचारलं नाही आणि विचारणारही नाही. ते मोजमापात धरता येत नाही.

बाहेर बाबा झाडाखाली उभे होते, टोपी हातात, फ्लोराँ त्यांच्यापासून दोन पावलं लांब. मी रुमाल काढला, यंत्र उघडलं, दोन्ही रविवारच्या मौनाच्या नोंदी शेजारी शेजारी लावल्या आणि त्यांना मोठ्यानं वाचून दाखवल्या. तिसरा बाक, भिंतीकडून पहिली जागा. बाबा गप्प असताना एकोणतीस पूर्णांक सहा डेसिबल. बाबा गात असताना चौतीस पूर्णांक एक. फरक साडेचार.